दार जागच्या जागीच असतं

१. पोहता येतं, मग शिकायचं काय?

जालन्यापासून समुद्र जवळपास चारशे किलोमीटर दूर. तरीही पाण्याशी इथल्या माणसाची ओळख कमी नाही. इथं पोहायला शिकायचं ते विहिरीत. पाठीला पांगऱ्याचा ओंडका किंवा वाळलेला भोपळा, हल्ली प्लॅस्टिकचा कॅन बांधायचा आणि थोरल्या भावानं काठावरून ढकलून द्यायचं. दोन उन्हाळ्यांत पोरगं तळातून नाणं काढून आणू लागतं. म्हणूनच एखादं हेलिकॉप्टर किंवा छोटं विमान पाण्यात पडल्याची बातमी आली, की पारावर एक प्रश्न हमखास निघतो : आतल्या लोकांना पोहता येत नव्हतं का? वैमानिकानं दार उघडून बाहेर यायचं, एवढंच तर होतं!

प्रश्न रास्त आहे. पण पोहणं लागतं ते बाहेर आल्यावर, आणि माणसं दगावतात ती बऱ्याचदा त्याआधी, आसनाला पट्ट्यानं बांधलेली असताना. कॅनडाच्या वाहतूक सुरक्षा मंडळानं पाण्यात बुडालेल्या विमानांच्या वीस वर्षांच्या नोंदी तपासल्या. मृतांपैकी सुमारे ७० टक्के लोक आपटून नव्हे, तर बुडून गेले होते. म्हणजे आदळण्यातून ते वाचले होते; त्यांना बाहेर पडता आलं नाही.

हे बाहेर पडणं शिकवता येतं. समुद्रातल्या तेलविहिरींवर हेलिकॉप्टरनं जाणाऱ्यांमध्ये या शिक्षणाला ‘ह्युएट’ म्हणतात. हेलिकॉप्टर अंडरवॉटर एस्केप ट्रेनिंग या लांबलचक नावाचं ते आद्याक्षरी रूप. नावात हेलिकॉप्टर असलं, तरी चार आसनी विमानाच्या वैमानिकालाही शिकावं लागतं ते हेच.

२. विमान उलटं का होतं?

हेलिकॉप्टरचं इंजिन, गिअरबॉक्स आणि पंख्याचा सगळा पसारा छतावर असतो. खाली असते ती हलकी, पोकळ केबिन. असा वरून जड असलेला डोलारा पाण्यावर टेकला आणि एखादी लाट बाजूनं लागली, की तो कलंडतो. त्यासाठी हेलिकॉप्टरला आणीबाणीत फुगणारे फुगे बसवलेले असतात. फुग्यांमुळे ते तळाला जात नाही. पण उलटं होऊन तरंगू शकतं, आणि आतला माणूस तेव्हाही पाण्याखालीच असतो.

छोट्या विमानाची गोष्ट थोडी वेगळी. शिकाऊ वैमानिक ज्या सेस्ना १५२ किंवा १७२ वर हात बसवतात, त्यांची चाकं आत ओढून घेता येत नाहीत. ती कायम खाली लोंबत असतात. अगदी सावकाश उतरायचं म्हटलं, तरी विमानाचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास असतो. त्या वेगात चाकं पाण्यात रुतली, की नाक खाली जातं आणि बऱ्याचदा शेपूट डोक्यावरून पलीकडे येतं. पाणी मऊ असतं, हा भ्रम विहिरीत पोटावर आपटलेल्या कोणत्याही पोराकडे उरलेला नसतो.

नेहमीच असं होतं असं नाही. नीट टेकवलेली विमानं सरळ राहतात, माणसं पंखावर चढून उभी राहतात. पण प्रशिक्षण द्यायचं ते वाईट दिवसासाठी.

३. ‘वर’ नक्की कुठे?

आता मूळ अडचणीकडे येऊ. आपण कोणत्या दिशेला कसे आहोत, हे मेंदूला तीन ठिकाणांहून कळतं. एक डोळे, दुसरी कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा, आणि तिसरं अंगाचं वजन, म्हणजे बूड आसनावर टेकलंय, पाय जमिनीवर आहेत ही जाणीव. उलटून पाण्याखाली गेल्यावर ही तिन्ही एकदम दगा देतात. गढूळ, बुडबुड्यांनी भरलेल्या पाण्यात डोळ्यांना काही दिसत नाही. झटक्यात गरगरल्यामुळे कानातला द्रव अजून फिरतच असतो, त्यामुळे आपण थांबलो तरी फिरतोय असं वाटत राहतं. आणि पाण्यानं अंग उचलून धरल्यामुळे वजनच नाहीसं होतं. वर नाकात पाणी. उलटं लटकलेल्या माणसाच्या नाकपुड्या आकाशाकडे उघड्या असतात, त्यामुळे पाणी सरळ घशाकडे जातं आणि गुदमरल्याची भावना श्वास संपण्याच्या कितीतरी आधी सुरू होते.

पट्टीचा पोहणारा इथंच फसतो. विहिरीत बुडी मारलेल्याला शरीरानं एकच धडा दिलेला असतो : हात सोड, वर ये. उलट्या केबिनमध्ये ‘वर’ आलेला माणूस विमानाच्या फरशीला डोकं लावून बसतो. तिथं दार नाही. पट्टा सुटलेला, अंग तरंगतंय, दार कुठल्या बाजूला होतं ते विसरलं. पाण्याखालून सुटण्याचं सगळं शास्त्र या एका चुकीभोवती उभं आहे.

त्यावरचा उपाय ऐकायला फार साधा आहे. विमान उलटलं तरी उजव्या हाताचं दार उजव्या हातालाच राहतं. आकाश-पाताळाची अदलाबदल होते. तुमच्या अंगाच्या हिशेबानं मात्र काहीच बदलत नाही. कारण तुम्ही आणि विमान एकत्रच फिरलात आणि मध्ये पट्टा आहे. तेव्हा वर-खालीचा विचारच करायचा नाही. गुडघ्यावरून हात दाराच्या कडेकडे न्यायचा, तिथून कडीकडे. रात्री लाइट गेल्यावर आपण घरात भिंतीचा हात न सोडता देवळीतल्या काडेपेटीपर्यंत जातो, तसंच. भिंत सुटली की स्वतःच्या घरातही माणूस कपाटावर आपटतो. पट्टा म्हणजे ती भिंत. पट्टा आधी सोडला, तर गुडघा, दार आणि कडी यांचं नातंच तुटतं.

४. दार उघडत का नाही?

समजा, हात कडीपर्यंत पोचला. कडी फिरवली, आणि दार हलत नाही. अडकलं असेल असं वाटतं. पुष्कळदा ते अडकलेलं नसतं. त्याला पाण्यानं बाहेरून धरून ठेवलेलं असतं.

हिशेब करू. मोटारीच्या किंवा छोट्या विमानाच्या दाराची उंची एक मीटर आणि रुंदी ऐंशी सेंटिमीटर धरू. बाहेर पाणी दाराच्या निम्म्यापर्यंत आलंय, आत कोरडं आहे. भिजलेल्या भागावर पाण्याचा सरासरी दाब पाव मीटर खोलीचा, म्हणजे दर चौरस मीटरला २५० किलो. भिजलेला भाग ०.४ चौरस मीटर. गुणाकार केला की १०० किलो. बिजागरी एका कडेला असल्यामुळे आपण कडीकडच्या कडेला रेटलं, तर निम्मा जोर पुरतो, म्हणजे ५० किलो. धडधाकट माणसाला हे कसंबसं जमेल.

आता पाणी दाराच्या माथ्यापर्यंत आलं. खोली दुप्पट, भिजलेला भागही दुप्पट. म्हणून जोर चौपट लागतो. कडेला रेटलं तरी २०० किलो. आसनावर बसून, वाकड्या अंगानं, एका हातानं हे कोणालाच जमणार नाही. आतही पाणी भरलं, की दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो आणि तेच दार सहज उघडतं. सेस्ना १७२ च्या वैमानिक-पुस्तिकेत पाण्यावर उतरण्याच्या सूचनांमध्ये म्हणूनच दोन गोष्टी लिहिल्या आहेत. टेकण्याआधी दारांच्या कड्या सोडून ठेवा. आणि तरीही दार उघडत नसेल, तर खिडकी उघडून केबिनमध्ये पाणी येऊ द्या. बुडत्या विमानात आपण होऊन पाणी घ्यायचं, हे वाचताना विचित्र वाटतं. हिशेब पाहिल्यावर वाटत नाही.

हा हिशेब जालना जिल्ह्याला परका नाही. १८ जुलै २०२४ रोजी, आषाढीच्या दुसऱ्या दिवशी, पंढरपूरहून परतणाऱ्या वारकऱ्यांची जीप राजूर रस्त्यावर तुपेवाडीजवळ विहिरीत कोसळली. सात जण गेले. रस्त्याला लागून असलेल्या, कठडा नसलेल्या विहिरी मराठवाड्यात सगळीकडे दिसतात. गच्च भरलेल्या जीपमध्ये मागच्यांना दार एकच, आणि तेही मांड्यांच्या गर्दीपलीकडे.

मोटारीसाठीचा क्रम मात्र विमानाच्या नेमका उलट आहे, आणि हा फरक कळणं फार गरजेचं आहे. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठातले प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्त यांनी खऱ्या मोटारी माणसांसह पाण्यात सोडून शंभराहून अधिक प्रयोग केले. त्यांना दिसलं ते असं : सपाट पाण्यात पडलेली मोटार लगेच बुडत नाही. साधारण अर्धा ते दोन मिनिटं ती तरंगते, मग इंजिनाकडून खाली जाते. तेवढ्या वेळात ती सरळच असते, उलटी नाही. म्हणून तिथं पट्टा आधी सोडायचा, मग लगेच खिडकी उघडायची किंवा फोडायची, मुलांना आधी बाहेर काढायचं आणि मग आपण निघायचं. दाराला हात लावायचा नाही, फोन करत बसायचं नाही. पाणी खिडकीच्या कडेवर आलं, की काच खाली होणंही अवघड होतं. विमानात मात्र पट्टा शेवटी, कारण ते उलटतं. विहिरीत पडलेली जीप या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असते. खोल पडल्यामुळे मार आधीच बसलेला, अरुंद जागेत ती तिरपी किंवा उलटीही असू शकते. तिथं कोणताही क्रम खात्रीचा नाही. कठडा खात्रीचा आहे.

५. हौदातला पिंजरा

वाचून हे सगळं पटतं. पाण्याखाली वाचलेलं आठवत नाही. म्हणून पिंजरा आला.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाच्या लक्षात आलं, की वैमानिक पाण्यात पडल्यावर कॉकपिटमध्येच अडकून मरतायत. फ्लोरिडातल्या पेन्साकोला तळावर विल्फ्रेड केनेब या अधिकाऱ्यानं एक यंत्र बनवलं. उतरत्या रुळांवर ठेवलेला कॉकपिटचा सांगाडा. शिकाऊ वैमानिकाला त्यात बांधायचं, सांगाडा घसरत हौदात शिरायचा आणि पाण्यात पालथा व्हायचा. त्या काळी नौदलाच्या व्यंगचित्रांत डिल्बर्ट नावाचा धांदरट वैमानिक असायचा, प्रत्येक चूक करून दाखवणारा. यंत्राला त्याचंच नाव पडलं. ‘अ‍ॅन ऑफिसर अँड अ जंटलमन’ या १९८२ च्या चित्रपटात ते दिसतं.

आताचे पिंजरे अधिक शहाणे आहेत. छोट्या विमानाची दोन आसनं असोत की हेलिकॉप्टरच्या ओळी, खिडक्या-दारं बदलून पाहिजे तशी केबिन त्यात उभी करता येते. क्रेननं तो हौदात उतरवतात. शेजारी पाणबुडे थांबलेले असतात. पहिल्या फेरीत पिंजरा सरळच बुडवतात. नुसतं थांबायचं, खिडकी ढकलायची, पट्टा सोडून निघायचं. पुढच्या फेरीत तो बुडता बुडता पूर्ण पालथा करतात. मग खिडकी बंद असते. मग जवळची खिडकी ‘अडकलेली’ असते आणि शेजाऱ्याच्या बाजूनं निघावं लागतं. काही ठिकाणी शेवटची फेरी अंधारात.

शिकणाऱ्याच्या हाताला जे वळण लावायचं असतं, ते असं. पाण्याला टेकण्याआधी हेडफोनची वायर काढून टाकायची, कारण नंतर ती मानेत अडकते. एक हात दाराच्या कडेवर, दुसरा पट्ट्याच्या बकलावर. विमान पूर्ण थांबेपर्यंत आणि पाणी आत भरेपर्यंत हलायचं नाही. ही मधली पाच-सात सेकंदं सर्वांत कठीण. कारण सगळं अंग ‘निघ’ म्हणत असतं. मग खिडकी किंवा दार उघडायचं, त्याची कड घट्ट धरायची, आणि त्यानंतरच पट्टा. पाय मारायचे नाहीत, मागच्याच्या तोंडावर बसतात. हातानं ओढत बाहेर यायचं.

वेळेचा हिशेब ढोबळ धरू. उलटून स्थिर होईपर्यंत सात सेकंदं, कडी शोधून उघडायला पाच, पट्ट्याला दोन, बाहेर ओढून घ्यायला सहा. वीस सेकंदं झाली, आणि हे सगळं पहिल्या झटक्यात जमलं तर. मागच्या आसनावरच्याला पुढचा निघेपर्यंत थांबावं लागतं, त्याची चाळीस. घरी पलंगावर बसून कोणीही चाळीस सेकंदं श्वास रोखून दाखवील. दचकलेल्या, नाकात पाणी गेलेल्या माणसाचं तसं नसतं, आणि थंड पाण्यात तर धाप आपोआप लागते. उत्तरेकडच्या समुद्रांत म्हणूनच अंगावर छोटी हवेची नळकांडी देतात. २३ ऑगस्ट २०१३ रोजी शेटलंड बेटांजवळ सुपर प्यूमा हेलिकॉप्टर समुद्रात पडून १८ पैकी चार जण गेले, त्यानंतर ब्रिटननं तिथल्या प्रवाशांसाठी ती सक्तीची केली.

लाइफ जॅकेटबद्दल एक गोष्ट : ते आत फुगवायचं नाही. २३ नोव्हेंबर १९९६ रोजी इथिओपियन एअरलाइन्सचं अपहृत विमान इंधन संपून कोमोरोस बेटांजवळ समुद्रात उतरलं. १७५ पैकी १२५ जण मेले. बऱ्याच जणांनी जॅकेट आतच फुगवलं होतं; पाणी चढलं तसे ते छताला चिकटले आणि दारापर्यंत बुडी मारणं त्यांना शक्य झालं नाही. जीव वाचवणारी वस्तू चुकीच्या क्षणी वापरली, तर तीच धरून ठेवते.

६. मुंबई हाय

आपल्याकडे हे शिक्षण रुजलं ते तेलामुळे. समुद्रात तेलविहिरी खोदणाऱ्या ‘सागर सम्राट’ या रिगनं १९७४ मध्ये मुंबई हायला तेल शोधलं. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत समुद्रात माणसं पाळीनं राहू लागली, आणि जुहूच्या धावपट्टीवरून हेलिकॉप्टरच्या फेऱ्या सुरू झाल्या. ओएनजीसीची गोव्यात बेतूल इथं सुरक्षा प्रशिक्षणाची संस्था आहे. नौदलाचे हवाई कर्मचारी कोचीच्या आयएनएस गरुडा तळावर पिंजऱ्यात बसतात.

मुंबई हायच्या मार्गावरच्या दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. १३ जानेवारी २०१८ रोजी पवनहंसचं डॉफिन हेलिकॉप्टर समुद्रात कोसळलं; ओएनजीसीचे पाच अधिकारी आणि दोन वैमानिक, सगळे गेले. अशा कोसळण्यात पिंजऱ्यातलं शिक्षण काहीच करू शकत नाही, हेही सांगितलं पाहिजे. २८ जून २०२२ ची घटना वेगळी. सिकोर्स्की एस-७६डी हेलिकॉप्टर ‘सागर किरण’ रिगजवळ पाण्यावर उतरलं. फुगे उघडले. रिगवरची बोट आणि ‘मालवीय-१६’ हे जहाज धावलं. नऊपैकी पाच जण वाचले, चार गेले. जून अखेरचा समुद्र खवळलेला होता. बाहेर पडणं हा पहिला टप्पा; लाटांत तरंगत राहून कोणाच्या तरी हाती लागणं हा दुसरा, आणि तो बराचसा मदतीच्या बोटीवर अवलंबून असतो. ८ मार्च २०२३ रोजी नौदलाचं ध्रुव हेलिकॉप्टर मुंबईजवळ पाण्यावर उतरवावं लागलं. त्यातले तिघेही सुखरूप निघाले. पिंजरा माहीत असलेली माणसं होती ती.

७. छोट्या विमानाचा वैमानिक

तेलविहिरीवर जाणाऱ्या तंत्रज्ञाला जे शिकवतात, ते जलाशयांवरून उडणाऱ्या शिकाऊ वैमानिकाला शिकवायची सक्ती नाही. आपल्याकडे व्यावसायिक परवान्यासाठी २०० तास उड्डाण लागतं; त्यात हौदातला एकही तास बसत नाही. युक्तिवाद असा, की जमिनीवरून उडणाऱ्याला पाण्याशी काय काम? २० ऑगस्ट २०२४ रोजी जमशेदपूरच्या सोनारी विमानतळावरून उडालेलं सेस्ना १५२ चांडील धरणाच्या जलाशयात पडलं. शिकाऊ वैमानिक आणि प्रशिक्षक दोघेही गेले. विमान पाण्यातून काढायला नौदल बोलवावं लागलं. त्या दोघांना सुटायला क्षणभर तरी वेळ मिळाला का, यावर इथं बोलणं बरोबर नाही. मुद्दा एवढाच, की जमिनीवरून उडणारं विमानही पाण्यात पडतं. महाराष्ट्रात तर वरून पाहिलं की उजनी, जायकवाडी, कोयना अशी पाण्याची मैदानं जागोजाग पसरलेली दिसतात. आणि बंद पडलेल्या इंजिनाच्या वैमानिकाला पाणी हे उसाच्या फडापेक्षा सपाट दिसतं.

पाण्यावरच उतरणाऱ्या विमानांचा प्रश्न आणखी सरळ आहे. २०१४ मध्ये जुहूहून पवना धरणावर सी-प्लेन नेण्याचा प्रयोग झाला. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी साबरमतीहून केवडियाची सेवा सुरू झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये विजयवाडा आणि कोचीत चाचणी उड्डाणं झाली. सेवा टिकल्या नाहीत, पण कल्पना दर काही वर्षांनी परत येते. ती पुन्हा येईल तेव्हा कॅनडाचं उदाहरण समोर ठेवायला हवं.

२९ नोव्हेंबर २००९ रोजी ब्रिटिश कोलंबियातल्या सॅटर्ना बेटाजवळ एक बीव्हर सी-प्लेन पाण्यात पडलं. आत आठ जण. वैमानिक आणि एक प्रवासी निघाले. बाकी सहा आतच बुडाले. आघातानं दोन दारं अडकली होती. तपास मंडळानं दोन गोष्टी मागितल्या : प्रवाशांनी जॅकेट अंगावर घालूनच बसावं, आणि अशा विमानांना ढकलताच निखळून पडणाऱ्या खिडक्या बसवाव्यात. २०१९ मध्ये कॅनडानं नियम केले. सी-प्लेनच्या व्यावसायिक वैमानिकांना पाण्याखालून सुटण्याचं प्रशिक्षण सक्तीचं झालं. छोट्या विमानांतल्या प्रवाशांना जॅकेट घालणं सक्तीचं झालं. खिडक्यांची सक्ती झाली नाही.

त्यामागचं गणित कळतं. वैमानिकाला एक दिवस हौदात पाठवणं स्वस्त, जुन्या विमानाची चौकट कापणं महाग. शिवाय प्रशिक्षित होतो तो वैमानिक. मागच्या आसनावरचं पर्यटक कुटुंब कधीच पिंजऱ्यात बसलेलं नसतं. त्यांच्यासाठी निखळणारी खिडकी हीच एकमेव शिकवणी. काही कंपन्यांनी ती सक्ती नसतानाही बसवून घेतली. आपल्याकडच्या धरणांवर सी-प्लेन आलंच, तर तिकीट काढण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न हाच : मागची खिडकी आतून ढकलून निघते का?